सांधा होता, ओळी नव्हत्या

मित्रांनो, मी एक जुनं कोठार आहे. माझ्यात भात नाही की सुकी मासळी नाही. माझ्यात संगणकाचा प्रोग्रॅम राहतो. केरळात, कोल्लमच्या बंदराजवळ, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर माझा मुक्काम. मच्छीमारांच्या नावेवर वादळाचा भोंगा वाजवणारं यंत्र असतं ना, त्याची सगळी अक्कल माझ्यापाशी.

काम करणारा प्रत्येक जण माझी अख्खी नक्कल घरी नेतो, बदल करतो आणि परत आणून ठेवतो. मग मला वेगवेगळे शेंडे फुटतात. ते दोन-दोन घेऊन, वाचून सांधायचे असतात. इथे काम करणारी मर्लिन हे जीव ओतून करायची. लोक माझं कौतुक करत. मलाही गर्व होता, खोटं कशाला बोलू!

पावसाळी मासेमारीबंदी उठायची होती. सगळ्यांना यंत्रं हवी होती, नुसती धांदल! शेंडे होते तीन. एकात नकाशा, दुसऱ्यात तिच्या सोबत्याने, सुजितने, केलेला यंत्राचा नवा पडदा, तिसऱ्यात मर्लिनची दुरुस्ती: बॅटरी उतरली तरी भोंगा वाजलाच पाहिजे. नकाशा सुखासुखी जुळला. पुढे मात्र सुजित आणि मर्लिन, दोघांनी त्याच ओळी बदललेल्या. कोणाच्या ठेवू, मी विचारलं. खालून नाववाले हाका मारत होते.

"ठेव बाबा माझ्याच सगळ्या," सुजित म्हणाला आणि मोकळा झाला.

"माझं आलं ना रे त्यात?" मर्लिनने विचारलं. तिचे अप्पन, म्हणजे वडील, पहिल्याच फेरीला निघणार होते.

"आलं गं चेची! भरवसा नाही तर कोठाराला विचार." तो तिला चेची, ताई, म्हणायचा.

तिने विचारलं. माझ्या नोंदीत तिचा शेंडा सांधलेला होता. विचारलं तेवढंच उत्तर मी दिलं, जोडायचं काही उरलं नाही. पण त्या जागी सुजितच्याच ओळी होत्या, तिच्या गेल्या होत्या, मित्रांनो! मला तोंड असतं तर मी ओरडलं असतं.

"बरं बाबा, शहाणा आहेस," ती सुजितकडे बघून हसली आणि अप्पनना कप्पा-मीन, कंद-मासळीची शिदोरी, बांधून द्यायला पळाली.

वादळ आलं. बाकीच्या नावा परतल्या. अप्पनची नाव परतली नाही; तिच्यावरच्या यंत्राची बॅटरी उतरलेली. त्या नावेवरचा वाचलेला एक खलाशी मर्लिनला म्हणाला, "भोंगा वाजलाच नाही गं पोरी."

काही दिवसांनी ती माझ्यापुढे येऊन बसली. तिचा जुना शेंडा उघडला. ओळी तिथे जशाच्या तशा होत्या.

"चेची, शिव्या दे, पण बोल," सुजित रडत म्हणाला.

"वाच," ती म्हणाली. "तेव्हा वाचल्या नाहीस ना? आता मोठ्याने वाच."

मित्रांनो, मी सांगतं म्हणून 'झालं' समजू नका. दोघांच्या ओळी वाचा. मग बॅटरी उतरवा आणि भोंगा एकदा आपल्या कानांनी ऐका.