दार बरं झालं

दार बरं झालं तेव्हा मी आतच होते. बरं झालं म्हणजे जखम भरते ना, तसं भरून आलं. फट गेली, कडी गेली, बिजागऱ्या गेल्या. दार होतं तिथे सलग गुलाबी कातडी, हात लावला तर कोमट.

थांबा, सुरुवातीपासनं सांगते. आमच्या लॅबमधे आम्ही ट्रेमधे जीवाणू वाढवतो. त्यांना साखरेचं पाणी घालायचं. ते साखर खातात आणि तिचेच धागे काढून विणत बसतात, मग वर सायीसारखा पडदा धरतो. तो धुवायचा, उकळायचा म्हणजे जीवाणू मरतात, आणि जखमेवर लावायचा. खाली नवी कातडी येते. एवढंच आमचं काम.

तर खंडेनवमीला लॅबमधे यंत्रांची पूजा असते. इन्क्युबेटरला झेंडूचा हार, मायक्रोस्कोपला हळदकुंकू, प्रत्येकापुढे पेढा. मी म्हटलं, राबतात हे बिचारे जीवाणू आणि यांना कुणी विचारतच नाही. म्हणून ट्रेलाही कुंकू लावलं आणि आत एक पेढा कुस्करून घातला.

"नमस्कार पण कर," माझ्याबरोबर काम करणारी निलोफर म्हणाली. "आपला रिसर्च पेपर लवकर छापून येईल."

मी केला.

दुपारी भांडी निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह उघडताना वाफ लागली आणि माझं मनगट भाजलं. ट्रेमधला पडदा तयारच होता, मी काढला, धुतला, उकळायला पाणी ठेवलं, आणि हातच पुढे जाईना. सकाळी ज्यांना नमस्कार केला त्यांना दुपारी कसं उकळायचं? मी तसाच मनगटावर लावला. गार वाटलं. उरलेली पट्टी दाराखालच्या फटीत कोंबली, कारण पेढ्यांच्या वासाने मुंग्या यायला लागल्या होत्या. सगळे घरी गेले, मी भांडी विसळत मागे राहिले.

आधी मनगट बरं झालं. मग फट. मग जीवाणूंना जे जे उघडं दिसलं ते ते बरं करत सुटले. किल्लीचं भोक, खिडकी, नळाचं तोंड, ड्रॉवर, बाटल्या. टप्पकन काहीतरी पडलं म्हणून बघितलं तर माझं कानातलं. कानाला हात लावला तर भोकच नव्हतं. फोन ॲप्रनच्या खिशात होता आणि खिसा बुजला होता. आत फोन वाजत होता, मला मांडीवर जाणवत होता, एखादी नस उडावी तसा.

मग बाहेरनं निलोफरचा आवाज आला. "फोन का उचलत नाहीस? आणि दार कुठंय?"

"बरं झालं."

"म्हणजे?"

"कातडी आली त्याच्यावर."

"माझा डबा आत राहिलाय गं."

"डबा पण बरा झालाय."

तिने आमच्या लॅबप्रमुख घोलप मॅडमना बोलावून आणलं. मॅडमनी बाहेरनं अंगठ्याने दाबून बघितलं असणार, कारण मला मनगटावर अंगठा जाणवला. स्पष्ट. त्यांच्या नखासकट.

"दाबल्यावर पांढरं, सोडल्यावर गुलाबी," मॅडम म्हणाल्या. "व्रणसुद्धा नाही. फार सुंदर."

"मॅडम, मी आत आहे."

"हो, कळलं. हलू नकोस. टाके नसताना इतकं छान भरलंय, ताण नको यायला."

आता, मोठी जखम भरताना तिच्या कडा जवळ येतात, हे मला तोंडपाठ आहे. त्यामुळे भिंती सरकायला लागल्या तेव्हा मला नवल नाही वाटलं. टेबल माझ्या कमरेला टेकलं. छत खाली आलं, ट्यूबलाइट कातडीखाली गेली आणि लाल दिसायला लागली, बॅटरीवर तळहात धरल्यावर दिसतो तशी. हे असंच चालू राहिलं तर शेवटी काय उरणार ते मला दिसत होतं. भरलेल्या जखमेत खडा अडकून राहतो ना, तसं.

"नीलू, काप," मी म्हटलं. "ब्लेड आहे ना तुझ्याकडे?"

"तुला दुखेल."

"दुखू दे. मला बाहेर यायचंय."

"कापू नका," मॅडम म्हणाल्या. "मी फोटो काढते आहे."

निलोफरने कापलं. माझं मनगट आपोआप उघडलं, सरळ रेषेत, आणि समोरच्या कातडीतही तशीच चीर पडली. बाहेरचा गार वारा आला, झेंडूचा वास आला. चिरेतनं निलोफरची दोन बोटं आत आली आणि मी ती घट्ट पकडली.

"मोठी कर अजून," मी म्हटलं.

"करते. पण कडा जुळतायत बघ, ब्लेड सरकत नाही. बोटं काढते आणि परत घालते. सोड."

मी सोडली.

"अगं सोड ना."

"सोडलीत."

"मस्करी नको. आवळतंय."

मी दोन्ही हात वर केले, तिला दिसणार नव्हते तरी. चीर भरून आली होती आणि तिची बोटं सलग भिंतीतनंच माझ्याकडे आली होती. मी त्यांच्या टोकाशी हलकेच दाबलं. पांढरी झाली. सोडलं. गुलाबी.