अनुराधापुरातली चुकामूक

तानाबाईला लंकेला जायचं होतं लेकाबरोबर, आणि गेली ती सुनेबरोबर.

झालं असं, की २००३ सालच्या उन्हाळ्यात गडमुडशिंगीच्या विहारात दादासो गुरुजींनी सहल जाहीर केली. अडतीस माणसं, सात दिवस, आणि ऐन डिसेंबरच्या पौर्णिमेला अनुराधापूर. संघमित्रेनं भारतातून बोधिवृक्षाची फांदी नेऊन जिथं लावली तिथं, तीच तिथी धरून. तानाबाई सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं आया म्हणून राबलेली. पुण्याच्या पुढं कधी गेली नव्हती. प्रसेनजीतनं आईचं आणि स्वतःचं नाव दिलं, पासपोर्ट झाले, आणि निघायला बारा दिवस असताना त्याच्या वीज खात्यानं रजा नाकारली. गुरुजींनी खटपट करून तिकिटावरचं नाव बदलून घेतलं आणि प्रसेनजीतच्या जागी त्याची बायको श्रुती निघाली; तिचा पासपोर्ट आधीच काढलेला होता.

श्रुतीला या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवायची. कामाला चोख, बोलायला अदबशीर, पण "हो आत्ती", "नाही आत्ती" याच्या पुढं तिची गाडी सरकत नसे. तानाबाईला भांडकुदळ सून चालली असती, निदान कळली तरी असती. घागर भरलेली आहे का रिकामी, हे वाजवल्याशिवाय समजत नाही, आणि ही घागर काही केल्या वाजत नव्हती. विमानात दोघी शेजारी बसल्या आणि कोलंबो येईपर्यंत चार वाक्यं बोलल्या. त्यातली दोन पट्टा कसा लावायचा यावर होती.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटे पाचला दांबुल्ल्याच्या हॉटेलातून गाडी सुटली. पांढरी, मोठ्या काचांची, आत गार हवा. गुरुजींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे बायका सगळ्या पांढऱ्या साड्यांत होत्या. पुढं विमलसेन नावाचा गाईड माईक घेऊन उभा होता. त्याचं हिंदी भरधाव होतं, आणि राजांची नावं त्याहून भरधाव. सकाळी एक राजधानी, दुपारी दुसरी राजधानी, रात्री परत दांबुल्ला, एवढं तानाबाईच्या डोक्यात शिरलं. बाकी सगळं एकमेकांत कालवलं गेलं.

"गुरुजी," तिनं मागून विचारलं, "आता जातोय ती जुनी राजधानी, का दुपारची जुनी?"

"दोन्ही जुन्याच की. पण दुपारची हिच्यापेक्षा नवी."

"म्हंजे नवी जुनी."

"व्हय, तसंच म्हणा," गुरुजी म्हणाले, आणि सगळी गाडी हसली. श्रुती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

अनुराधापुरात उतरल्यावर मात्र जिकडं बघावं तिकडं पांढरं. गावोगावच्या गाड्या आलेल्या, आणि बायका, पुरुष, पोरं सगळी पांढऱ्या कपड्यांत, हातात कमळं घेऊन अनवाणी चाललेली. त्या लोंढ्यात आपली माणसं कुठली आणि परकी कुठली, हे तोंडं बघितल्याशिवाय कळेना; आणि तोंडंही काही फार वेगळी नव्हती. बोधिवृक्षापाशी इतकी गर्दी होती, की तिला सोनेरी कठडा आणि टेकू दिलेली एक फांदी तेवढी दिसली. गुरुजी ढसाढसा रडत होते. तानाबाईचे वडील छप्पन सालच्या दीक्षेला नागपूरला जाऊन आलेले. या फांदीची गोष्ट तिनं त्यांच्या मांडीवर ऐकली होती. इथं आल्यावर काहीतरी होईल, असं तिनं सहा महिने धरून ठेवलं होतं. झालं एवढंच, की मागच्या बाईचं कोपर बरगडीत बसलं. आपल्याला रडू का येत नाही, ह्याच विचारात ती बाहेर आली.

चपला घालून झाल्यावर श्रुती म्हणाली, "आत्ती, इथंच थांबा. मी पाणी घेऊन येते. साडेअकराला गाडी सुटणार आहे."

तानाबाई थांबली. दहा मिनिटं थांबली असेल, नसेल. तेवढ्यात समोरून त्यांच्या सहलीतल्या धोंडुबाई चालल्यासारख्या दिसल्या. तोच अंबाडा, तेच डुलत चालणं. धोंडुबाई निघाल्या म्हणजे गाडी सुटायला आली, असं धरून तानाबाई त्यांच्या पाठीमागं चालू लागली. श्रुती येईलच गाडीकडं, तिला काय वाट दाखवायला हवी! धोंडुबाई एका पांढऱ्या गाडीत चढल्या, त्यामागून तानाबाई चढली आणि खिडकीजवळ बसली. खिडक्या उघड्या होत्या. गार हवा बिघडली वाटतं, असं मनात म्हणेपर्यंत रात्री तीनपासूनचं जागरण डोळ्यांवर आलं आणि मान कलली.

जाग आली ती वंदनेच्या आवाजानं. गाडी चालली होती आणि सगळ्याजणी एका सुरात म्हणत होत्या, 'बुद्धं सरणं गच्छामि'. तानाबाईनं डोळे न उघडताच हात जोडले आणि सूर मिळवला. त्रिशरण झालं, पंचशील झालं. 'पाणातिपाता वेरमणी' म्हणताना चाल जरा वेगळी वाटली, शेवटचं अक्षर ह्या बायका उगीच लांबवत होत्या. इचलकरंजीकडच्या चारपाचजणी सहलीत होत्या, त्यांची असेल तशी रीत. शेवटी सगळ्यांनी 'साधु, साधु, साधु' म्हटलं, तिनंही म्हटलं, आणि डोळे उघडून शेजारणीला विचारलं, "श्रुती कुठं बसलीया वो?"

शेजारीण हसली आणि भलतंच काहीतरी बोलली.

तानाबाईनं मागं बघितलं. पुढं बघितलं. धोंडुबाई वळल्या, तर त्या धोंडुबाई नव्हत्याच. गुरुजी नाहीत, विमलसेन नाही, माईक नाही. ड्रायव्हर लुंगीत.

"ओ पावणं! गाडी थांबवा! ही आमची गाडी न्हवं!"

गाडी काही थांबली नाही. वंदनेत इतका वेळ शब्दाला शब्द मिळत होता, आणि आता एका बाईला एक अक्षर कळेना. शेजारीण तिच्याच वयाची, काळीसावळी, समोरचे दोन दात पडलेली होती. तिनं छातीवर हात ठेवून "सोमावती" म्हटलं. तानाबाईनं आपलं नाव सांगितलं. मग सोमावतीनं काहीतरी विचारलं, आणि गाव विचारत असेल म्हणून तानाबाई म्हणाली, "कोल्हापूर."

"कोल्लुपिटिया?"

"व्हय, व्हय, कोल्हापूर!"

सगळ्या गाडीभर 'कोल्लुपिटिया, कोल्लुपिटिया' झालं आणि बायका समाधानानं माना हलवू लागल्या. इतक्या लांबच्या बायकांना कोल्हापूर ठाऊक आहे, ह्याचं तानाबाईला नवल वाटलं, धीरही आला. कोल्लुपिटिया ही कोलंबोतली वस्ती आहे, हे तिला हॉटेलात गेल्यावर कळलं.

मग सोमावतीनं विचारलं, "दुव?"

दुवा मागतेय म्हणून तानाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोमावती हसत सुटली. तिनं पोटाला हात लावला, पुढच्या बाकावरची मुलगी दाखवली, पुन्हा म्हणाली, "दुव." म्हणजे लेक. बरोबर लेक आहे का, असं ती विचारत होती.

"लेक न्हवं, सून," तानाबाई म्हणाली. पण सून हातवाऱ्यांनी दाखवायची कशी? तिनं मंगळसूत्र दाखवलं, डोक्यावर पदर घेतला, मनगटाला धरून कुणाला तरी घरात आणल्यासारखं केलं. सोमावती गोंधळून बघत राहिली. शेवटी तानाबाईनं नाद सोडला. "दुव," ती म्हणाली. "बरं, दुव."

गाडी एका डोंगराच्या पायथ्याशी थांबली. वर पांढरा स्तूप, त्याकडं चढत गेलेल्या दगडी पायऱ्या. सोमावती वर बोट दाखवून म्हणाली, "मिहिंतले. महिंद." महिंद म्हणजे महेंद्र, संघमित्रेचा भाऊ, एवढं तानाबाईला लागलं. पण मग हे दुपारचं शहर म्हणायचं का सकाळचंच? का तिसरंच काही?

गाडीचा म्होरक्या एक म्हातारा होता, त्याला थोडं इंग्रजी येत होतं. तानाबाईला इंग्रजी यायचं ते दवाखान्यातलं. तिनं डोकं खाजवलं आणि त्यातला सगळ्यात जोरकस शब्द काढला.

"इमर्जन्सी!"

त्याबरोबर धावपळ उडाली. चौघींनी तिला धरून पायरीवर आडवं केलं. कुणी वारा घालतंय, कुणी कपाळाला बाम चोळतंय, एकीनं चप्पल काढून तळवे घासायला घेतले. "मला काय झालं न्हाय! मला काय झालं न्हाय!" ती ओरडत होती, आणि जेवढी ओरडेल तेवढा वारा वाढत होता. अठ्ठावीस वर्षं तिनं दुसऱ्यांचे तळवे घासले होते. तिचे घासायला आजवर कुणी बसलं नव्हतं. असं पडल्या पडल्याच तिला रडू फुटलं. सकाळी बोधिवृक्षापाशी न आलेलं ते हेच, का भीतीचं, का बाम डोळ्यात गेला म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं.

म्होरक्या तिला पोलीस चौकीत घेऊन गेला. वायरलेसवर खरखर झाली, बोलणं झालं. शिपायानं तिच्याकडं बघून "इंडिया?" विचारलं, तिनं मान हलवली, आणि त्यानं "पासपोर्ट?" म्हटल्यावर तिनं रिकामे हात दाखवले. पासपोर्ट श्रुतीकडं. आता आत टाकतात, असं तिनं पक्कं धरलं. पण बाहेर तीनचाकी आली, सोमावतीनं तिला आत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. डोंगर चढायचा सोडून ही बाई आपल्याबरोबर कुठं निघाली, हे तानाबाईला कळेना. तिकडची लढाई थांबून जेमतेम दोन वर्षं होत होती; वाटेत बंदूकवाल्या सैनिकांनी दोनदा अडवलं. दोन्ही वेळा सोमावतीनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी जाऊ दिलं. सगळ्या रस्ताभर तिनं तानाबाईचं मनगट धरून ठेवलं होतं.

तीनचाकी थांबली ती बोधिवृक्षाच्या फाटकाजवळच्या चौकीपाशी. बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीत श्रुती बसली होती. मांडीवर दोन्ही पर्सा, हातात न उघडलेली पाण्याची बाटली. तानाबाईला बघून ती ताडकन उठली.

"कुठं गेलता तुम्ही?" श्रुती ओरडली. "तिथंच थांबा म्हणून सांगितलंतं का न्हाई? अडीच तास झालं हुडकायलोय मी! परका देश हाय, काय अक्कल हाय का न्हाई माणसाला?"

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. ही शाळेतली, पुस्तकातल्यासारखं बोलणारी श्रुती नव्हती. हिच्या तोंडात असली भाषा आहे, हेच तानाबाईला आजपर्यंत माहीत नव्हतं. एकाला चार सुनावणारी बाई ती, पण आता तोंडातून एवढंच निघालं, "मला वाटलं आपलीच गाडी. पांढरी होती. वंदनापण आपलीच म्हणत होत्या."

श्रुती मटकन खाली बसली आणि पर्स तोंडावर धरून रडायला लागली.

सोमावतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, दोघींना मिळून बरंच काही ऐकवलं, भाताचा एक पुडा तानाबाईच्या हातात कोंबला आणि तीनचाकीतून निघून गेली.

गाडी केव्हाच दुसऱ्या राजधानीकडं गेली होती. गुरुजी थांबतो म्हणत होते, पण श्रुतीनंच त्यांना पाठवलं होतं. छत्तीस माणसांचा दिवस कशाला बुडवायचा, म्हणाली. चौकीतल्या साहेबानं दांबुल्ल्याला जायला व्हॅन ठरवून दिली, ती यायला तास होता. दोघी झाडाखाली बसल्या. पुड्यात भात, नारळाची चटणी आणि फणसाची भाजी होती. तिखट होतं, चांगलं होतं.

"तुझं बी ऱ्हायलं की दुसरं शहर," तानाबाई म्हणाली.

"राहू दे."

"माझ्यापायी थांबलीस?"

"मग काय करायचं होतं, आत्ती?"

याचा अर्थ हो, का नाही? तानाबाईनं एक घास खाल्ला. "न्हाय सापडलो असतो, तर प्रसेनजीतला काय सांगणार होतीस?"

"तेच सुचत नव्हतं," श्रुती म्हणाली, आणि तिचे डोळे पुन्हा भरले.

म्हणजे ही रडली ती सासू हरवली म्हणून, का नवऱ्याला तोंड काय दाखवू म्हणून? तानाबाईनं हे उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. विचारायचं धाडस झालं नाही. श्रुतीनं पुड्यातली भाजी तिच्या बाजूला सरकवली आणि स्वतः कोरडा भात खाल्ला.

रात्री सगळे परत आले. दुपारच्या राजधानीतला निजलेला दगडी बुद्ध केवढा मोठा होता, हे जो तो हात पसरून सांगत होता. तानाबाई ऐकत होती. आपण बघितलेला डोंगर ह्यांच्यातल्या कुणीच बघितला नाही, हे मध्येच तिच्या ध्यानात आलं. पण त्याचं नाव आता आठवेना.

घरी आल्यावर श्रुतीनं प्रसेनजीतला झाल्या प्रकारातलं काही सांगितलं नाही. सगळं बघितलं, छान झालं, एवढंच म्हणाली. ती का लपवते आहे, ते तानाबाईला उमगेना, आणि आपण तोंड उघडावं की नाही, तेही कळेना. पण गाव तेवढंसं. आठ दिवसांनी विहाराजवळ गुरुजी भेटले आणि प्रसेनजीत तणतणत घरी आला.

"आई हरवलीती म्हणं तिकडं? मला एका शब्दानं सांगू नये? तू काय करत होतीस?"

तानाबाई आत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"हरवल्या नव्हत्या," बाहेरून श्रुतीचा आवाज आला, तोच शाळेतला, शांत. "आमची दोघींची चुकामूक झाली. मीही तिथं थांबायला हवं होतं."

दोघींची कशी? चुकली होती ती एकटी तानाबाई. पोर पाणी आणायला गेली होती, त्यात तिचं काय चुकलं? तानाबाई उठायला लागली, बाहेर जाऊन सांगून टाकावं म्हणून. मग पुन्हा खाली बसली. थोड्या वेळानं श्रुती आत आली आणि समोर बसून सुपातले तांदूळ निवडू लागली.

"असं का सांगितलंस ग?" तानाबाईनं हळू आवाजात विचारलं.

"काय, आत्ती?"

"काय न्हाय," तानाबाई म्हणाली, आणि सूप थोडं तिच्याकडं सरकवलं.