सुईच्या आधीचे तीन प्रश्न

चिंचवडच्या शिबिराला जायचं होतं डॉक्टरांनी, गेले मी. आमचे डॉक्टर खळदकर म्हणाले, "पंचवीस वर्षं चाकणच्या पेठेत दवाखाना चालवतोय. आता कालची पोरं मला सुई धरायला शिकवणार होय? तुम्हीच जा, सुमनताई. परत या आणि काय उजेड पडला ते मला सांगा." टोमणा कळला मला, पण मी गेले. नाहीतरी रविवारी मला घरात बसवत नाही. एका जागी बसले की पाय आपोआप हलायला लागतात. आई म्हणायची, पायाला भिंगरी घेऊनच जन्मलीस बाई तू.

एस.टी.नं कासारवाडी, तिथून टांग्यानं चिंचवड. शाळेचा वर्ग, चौथीच्या मुलांचे बाक आणि त्यात पोटं सुटलेले वीस-पंचवीस डॉक्टर कसेबसे कोंबलेले. आम्ही चार नर्सा शेवटच्या बाकावर. साल छप्पन. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघून वर्ष झालं होतं. पूर्वी बोटीनं यायचं ते औषध आता हाकेच्या अंतरावर तयार व्हायचं, आणि लोकांनाही त्याची चटक लागलेली. शिंक आली तरी सुई पाहिजे. गोळी दिली तर तोंड वाकडं करायचे, डॉक्टरनं फसवलं म्हणायचे.

शिकवायला पुण्याचा एक तरणा डॉक्टर होता. तो म्हणाला, औषध उत्तम आहे, औषधात काही खोट नाही. पण एखाद्याच्या अंगाला ते मानवत नाही. पहिल्या खेपेला नुसती खाज सुटते, अंगावर गांध्या उठतात. दुसऱ्या खेपेला तोच माणूस तुमच्या डोळ्यांदेखत जाऊ शकतो. म्हणून सुई भरायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. पूर्वी हे औषध घेतलंय का? घेतल्यावर अंगावर काही उठलं का? दमा आहे का? सुई दिल्यावर पंधरा मिनिटं रोग्याला हलू द्यायचं नाही, आणि बाधलंच तर उतारा म्हणून ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी तयार ठेवायचं.

मागच्या बाकावर माझा जीव खालीवर व्हायला लागला. आठ महिन्यांपूर्वी मी या दवाखान्यात लागले, तेव्हापासून किती जणांना ही सुई टोचली असेल! एकालाही काही विचारलं नव्हतं. घरी आले, तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सोमवारी सकाळपासून मी दवाखाना डोक्यावर घेतला. तिन्ही प्रश्न पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला टांगले. दवाखान्याच्या तीन वर्षांच्या वह्या काढल्या आणि सगळ्या रोग्यांची नावं एका नव्या वहीत अकारविल्हे उतरवली. ज्याला काही बाधलं असेल त्याच्या नावापुढं तांबड्या शाईनं खूण. पाच दिवस जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. डॉक्टर हसायचे. "सुमनताई, उद्या सुईआधी कुंडली मागाल तुम्ही." मी म्हटलं, "मागेन. माणूस गेल्यावर पंचांग बघण्यापेक्षा बरं!" ॲड्रेनलिनही त्यांना आणायला लावलं. त्यासाठी मला दोनदा भांडावं लागलं.

शनिवार आला. चाकणचा बाजाराचा दिवस, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत कुरुळीच्या सुभद्राबाई सुनेला घेऊन आल्या. सून असेल अठराची. पदर कपाळावरून खाली ओढलेला, उजवा हात फडक्यात. कापणीत विळा लागला होता, आणि हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता. अंगात ताप. काखेत गाठ. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "पेनिसिलिन द्या. हाताचं विष अंगात चाललंय. तुमचे प्रश्न विचारून घ्या आधी." एवढं बोलून ते पिशवी उचलून मेदनकरवाडीच्या एका म्हाताऱ्याला बघायला सायकलवर गेले.

मी वही उघडली. "नाव काय?"

"शालन सावळाराम," सुभद्राबाई म्हणाल्या. "माझ्या ल्योकाची बायकू. त्यो पिंपरीला कंपनीत हाय, आज त्याची शिफ्ट हाय, म्हनून म्या आले."

'श' काढला. शालन सावळाराम नव्हती. म्हणजे या दवाखान्यात पहिल्यांदाच आली होती.

"मावशी, हिला आधी कधी पेनिसिलिनची सुई दिलीय?"

"न्हाई बाई. आमच्यात आल्यापास्नं सुईचं नाव न्हाई. धडधाकट हाय पोरगी."

"अंगावर कधी गांध्या, खाज?"

"न्हाई."

"दमा?"

"अहो, दोन हंडे डोईवर घिऊन नदीवरनं येती! दमा कसला?"

तीन प्रश्न, तीन उत्तरं. वहीत नव्यानं नाव घातलं आणि पुढं बरोबरची खूण केली. खरं सांगते, करताना छाती फुगली होती माझी. म्हटलं, बघा, असं करायचं असतं काम. बाहेर माणसं ओरडत होती, एक पोर भोकाड पसरून रडत होतं. मी सुई भरली, शालनला पडद्यामागं नेऊन टोचली आणि बाकावर बसवलं.

"पंधरा मिनिटं हलायचं नाही."

"पंदरा?" सुभद्राबाई उसळल्या. "गाडी उबी हाय तिकडं, बैलं तापली उनानं!"

"बैलं तापू द्या. ही इथंच बसेल."

चार मिनिटंही झाली नसतील. दुसऱ्याचं बोट बांधताना माझं लक्ष घड्याळाकडं गेलं आणि तिथून शालनकडं. डाव्या हातानं ती मान खाजवत होती. मी हातातली पट्टी टाकली. जवळ जाऊन पदर मागं सारला, तर ओठ सुजलेले, गळ्यावर तांबड्या गांध्या. "पोरी, काय होतंय?" तिनं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. नुसती शिट्टी वाजल्यासारखा श्वास. मग ती माझ्या अंगावरच कोसळली.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तिला जमिनीवर आडवी केली, पायाखाली वह्यांचा गठ्ठा सरकवला. ॲड्रेनलिनची काच फोडताना माझं बोट कापलं. अर्धी सीसी दिली. नाडी बघते तर नाडीच लागेना. सुभद्राबाई छाती पिटत होत्या, "माझ्या ल्योकाला काय सांगू गं!" आणि बाजारातली निम्मी माणसं दारात. मी ओरडले, "वारा येऊ द्या मेल्यांनो, वारा येऊ द्या!" मनात एकच. हिला जाऊ देऊ नको देवा, मी विचारलं होतं रे, सगळं विचारलं होतं! पाच मिनिटांनी दुसरी अर्धी सीसी दिली. बोटाखाली काहीतरी धाग्याएवढं हललं. परत हललं. मग लागली ती लागलीच. श्वासाची शिट्टी हळूहळू खाली आली. घामानं माझं लुगडं अंगाला चिकटलं होतं.

डॉक्टर परत आले तोवर ती डोळे उघडून पडली होती. त्यांनी नाडी बघितली, छातीला नळी लावली, आणि मग विचारलं, "वही बघितली होती?"

"बघितली. शालन सावळाराम नाही त्यात."

डॉक्टर सुभद्राबाईंकडं वळून म्हणाले, "माहेरचं नाव काय हिचं?"

"म्हायेरची कुशी. आमी लग्नात शालन ठिवलं. निघोज्याच्या भिमाजीची लेक."

मी 'क' काढला. माझ्याच अक्षरात, मीच चार दिवसांपूर्वी उतरवलेलं. कुशी भिमाजी, निघोजे, पुढं तांबडी खूण. मूळ वही काढली तर त्यात दोन वर्षांपूर्वीचं डॉक्टरांचं अक्षर. पेनिसिलिननं अंगभर गांध्या, पुन्हा देऊ नये. डॉक्टर ती ओळ वाचून स्टुलावर बसले.

मला मात्र संताप आवरेना. आधी सुभद्राबाईंवर धावले. "मावशी, जीव गेला असता पोरीचा! न्हाई न्हाई काय म्हणालात तुम्ही?"

"मला काय ठावं वो तिच्या म्हायेरचं?" त्या रडायला लागल्या. "आमच्यात आल्यापास्नं न्हाई म्हनले. त्ये खोटं हाय व्हय?"

खोटं नव्हतंच. डॉक्टर त्यांना बाहेर घेऊन गेले, पाणी दिलं. मी पडद्यामागं शालनजवळ बसले. ओठांची सूज अजून उतरली नव्हती. राग तिच्यावरही होता, आणि त्याहून जास्त कुणावर होता ते मला अजून कळत नव्हतं.

"पोरी, तुला ठाऊक होतं? मागं तुला हीच सुई बाधली होती?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस? दातखीळ बसली होती का तुझी?"

"तुमी आत्याबाईंस्नी इचारलं," ती पुटपुटली. "त्यांनी न्हाई म्हनलं. पाच महिनं झालं नांदाय येऊन. त्यांच्या म्होरं मी व्हय कसं म्हनू?"

"अगं, जिवावर बेतलं होतं तुझ्या!"

"ठावं हाय की," ती म्हणाली. "म्हनून तर तुमच्याकडं बघत हुते, तुमी येकदा तरी माझ्याकडं बघाल म्हनून. पर तुमी वहीत बघत हुता."