मीटिंगला निघालेली हत्यारपेटी

सकाळी साडेसात वाजता परदेशातल्या एका विमानतळावर, स्टीलच्या टेबलावर माझे झाकण उघडले गेले. आठच्या आत माझ्या मालकिणीला परतीच्या विमानात बसवण्याचा निर्णय झाला होता.

मित्रांनो, मी एक जुनी हत्यारपेटी आहे. मला घडवले मालकिणीच्या वडिलांनी. ते कारखान्यात फिटर होते. उरलेल्या पत्र्यातून त्यांनी मला उभे केले, हिरवा रंग दिला आणि माझ्या तळाशी प्रत्येक हत्याराची आकृती कोरली. काम संपले की प्रत्येक पाना आपल्या आकृतीत परत आला पाहिजे. तोवर झाकण लावायचे नाही, हा त्यांचा नेम. आकृती रिकामी दिसली, तर हत्यार मशीनच्या पोटात राहिले असे समजायचे. “पेटी बंद झाली का? मग दाबा बटण,” असे सगळा कारखाना म्हणू लागला. केवढा माझा मान होता तो!

वडील निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेले. एका बंद पंख्याच्या शेजारी मी गंज धरत पडून राहिले. पुढे त्यांची मुलगीही फिटर झाली. औषधांच्या गोळ्या पाकिटांत भरणारी मशिने बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली, तिथे सगळे तिला ताई म्हणत. तिने मला खाली काढले आणि बिजागऱ्यांना रॉकेल लावून घासत बसली.

“अगं, बाजारात नव्या पेट्या काय कमी आहेत?” आई म्हणाली.

“त्या बोलत नाहीत, आई. ही लगेच सांगते काय राहिलंय ते.”

मग कंपनीने परदेशातल्या एका कारखान्याला दोन मशिने विकली आणि ती बसवायला ताईला पाठवायचे ठरले. मॅनेजरसाहेब म्हणाले, “बिझनेस व्हिसा पटकन मिळतो. कुणी विचारलं तर मीटिंगला आले म्हणा.” ताईने सवयीप्रमाणे मला भरले. मीटिंगला कुणी हत्यारपेटी नेत नाही, हे ना तिच्या ध्यानात आले, ना साहेबांच्या.

“मीटिंगला एवढे पाने?” विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारले.

ताईने माझ्याकडे पाहिले. “मशीन बसवायला आलेय.”

“मग हा व्हिसा चालत नाही. यावर बोलता येतं, बघता येतं. मशीनला हात लावता येत नाही.”

ताई परतली ती परत पाठवल्याची नोंद नावावर घेऊनच. आणखी एकदा परत पाठवले असते, तर तिच्यासाठी परदेशातल्या कामाची वाट बंदच झाली असती.

“पेटीनं घात केला!” साहेब म्हणाले. “पुढच्या वेळी ती घरी ठेवा. पाने तिथलेच घ्या आणि मीटिंगच म्हणा.”

“म्हणजे खोटं मी बोलायचं आणि पकडली गेले तर परतही मीच यायचं?”

“मग दुसऱ्याला पाठवतो.”

“पाठवा की. तो काय फुंकर मारून मशीन बसवणार आहे?”

साहेबांना हसू आवरले नाही. त्यांनी व्हिसाचे काम पाहणाऱ्या सल्लागारबाईंना बोलावले. बाई थेट ताईच्या कामाच्या टेबलाशी आल्या आणि माझ्यातून अ‍ॅडजस्टेबल पाना उचलला.

“हा कुठेही बसतो ना?”

“बसतो. पण जोर लावला की नटाच्या कडा खातो.”

“तुमचा बिझनेस व्हिसा तसाच. कामाचा जोर सोसत नाही. तुमच्या कंपनीची तिथे शाखा असती, तर बदलीचा परवाना मागितला असता.”

“शाखा नाही,” साहेब म्हणाले.

“विकलेलं मशीन बसवायला येणाऱ्याला तिथे परवान्यातून सूट आहे. पण मशीन बसवून देऊ, असं विक्रीच्या करारात लिहिलेलं हवं. लिहिलंय?”

साहेब छताकडे पाहू लागले.

“मग उरला अल्प मुदतीचा कामाचा परवाना. अर्ज तिथला कारखाना करेल. काम कोणतं, जागा कोणती, किती दिवस, सगळं नेमकं सांगायचं. आणि परत पाठवल्याचं लपवायचं नाही.”

“माप घेऊन पाना काढायचा, एवढंच ना?” ताई म्हणाली.

“एवढंच!”

परवाना आला. पुन्हा तेच विमानतळ, तेच स्टीलचे टेबल. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने पडद्यावर जुनी नोंद वाचली. “मागच्या वेळी मीटिंग होती म्हणे?”

“नुसती म्हणायला होती. या वेळी काम आहे.” ताईने माझे झाकण स्वतःच उघडले. त्याने कोरलेल्या आकृत्यांवरून बोट फिरवले आणि शिक्का मारला. मित्रांनो, त्या शिक्क्याचा आवाज मला हातोडीच्या ठोक्याहून गोड वाटला!

मग ताईच्या हाताला उसंत नव्हती. पहिले मशीन उभे राहिले. शेवटचा पाना आकृतीत बसला, झाकण लागले आणि तिने बटण दाबले. गोळ्यांची पाकिटे सरसर बाहेर पडली. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या मुकादमाने माझ्या झाकणावर थाप मारली. परक्या देशातली पहिली शाबासकी मला मिळाली.

दुसऱ्या मशीनचे खोके मात्र बंदरातच अडकून राहिले आणि उशिरा पोहोचले. ते मशीन अर्धे झाले, तोच परवान्याची मुदत संपली. मुकादम म्हणाला, “थोडंच तर राहिलंय. कोण बघतंय?”

“पेटी बघतेय,” ताई म्हणाली आणि तिने एकेक पाना माझ्यात परत ठेवला.

मित्रांनो, हत्यारांना तेल द्या, त्यांना माळ्यावर टाकू नका. आणि परक्या दारात उभे राहाल, तेव्हा कशासाठी आलात ते सरळ सांगा. आम्हा पेट्यांना पोटातले लपवता येत नाही, पण त्यामुळे आमचे काही अडलेही नाही.

मुदत वाढवून मिळावी म्हणून कारखान्याने ती संपण्याआधीच अर्ज केला आहे. उत्तर येईपर्यंत ताईला इथे थांबता येते, पाना उचलता येत नाही. पहिले मशीन जोरात चालू आहे. दुसऱ्याच्या पायाशी मी कडी लावून बसले आहे. उत्तर अजून आलेले नाही.