मुरलेला हेडफोन

बाहेरच्या जगाचा आवाज पूर्ण बंद झाल्याशिवाय माणसाला खरं ऐकू येत नाही, असं माझं पूर्ण विचारांती झालेलं मत आहे. हे मत मी घरात पहिल्यांदा मांडलं त्या दिवशी कुकरच्या नऊ शिट्ट्या झाल्या आणि डाळ तळाला लागली.

तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून शैला, म्हणजे माझी बायको, खाली भाजीवाल्याकडे गेली होती. मी कानावर हेडफोन लावून बसलो होतो.

"खाली रस्त्यापर्यंत ऐकू येऊन राहिलं होतं," ती म्हणाली. "भाजीवाला मोजत होता. त्याला कळलं, तुम्हाला नाही."

"हाच तर याचा गुण आहे," मी म्हणालो. "बाहेरचं काही आत येत नाही."

तिने कुकर नळाखाली धरला. तो चुर्र वाजला असणार. मला नीटसं आठवत नाही.

हेडफोनांत दोन जाती असतात, उघड्या पाठीचे आणि बंद पाठीचे. उघड्या पाठीचा असेल तर आपलं गाणं शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याचं भांडण आपल्याला ऐकू येतं. बंद पाठीच्याला दोन गुळगुळीत लाकडी वाट्या असतात. त्या कानांवर बसल्या की अमरावती शहर संपतं. माझा बंद पाठीचा. किंमत मी घरी सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही. मी एका कॉलेजात अठ्ठावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत आलो आहे. अठ्ठावीस वर्षं शेवटच्या बाकाचं ऐकून घेतल्यावर माणसाला काहीच न ऐकण्याची ओढ लागते, आणि त्यासाठी तो बराच खर्च करू शकतो.

आमचा फोनवर एक गट आहे, 'कानसेन' नावाचा. ज्यांना तानसेन होता आलं नाही त्यांच्यासाठी मराठीने हा शब्द राखून ठेवला आहे. गटात अकरा जण आहोत. कुणी नवं यंत्र घेतलं की त्याने वर्षभर, दर महिन्याला, श्रवणाची नोंद लिहायची असा नियम आहे. पहिल्या आठवड्याच्या मताला गटात किंमत नाही. कारण यंत्र मुरावं लागतं. लोणचं मुरतं तसं. नव्या हेडफोनचा आवाज कच्च्या कैरीसारखा लागतो, महिने गेले की त्याला खार सुटतो, यावर गटात दुमत नाही.

मी दर महिन्याला एकच ध्वनिमुद्रण लावायचो. एका बाईंच्या खासगी मैफलीतला भीमपलास, कुणीतरी त्यांच्या समोर बसून टिपलेला. पहिल्या महिन्यात मी लिहिलं : वरचे स्वर धारदार आहेत, तासाभरात कान थकतो. चौथ्या महिन्यात : धार बसू लागली आहे. आवाज एक घर वाढवला की मजा येते. आठव्या महिन्यात माझी लेखणी खुलली. मी लिहिलं : पूर्ण मुरला. आवाजाला आता गडद, मऊ असा पोत आला आहे. मागे संपूर्ण काळोख. गायिका आणि शांतता, तिसरं कोणी नाही.

यावर दहा अंगठे आले आणि गजेंद्रचा फोन आला. गजेंद्र मोर्शीचा. संत्र्याचा बगीचा सांभाळतो आणि उरलेल्या वेळात ऐकतो. माझ्याच सल्ल्यावरून त्याने तोच हेडफोन, त्याच आठवड्यात घेतला होता.

"सर, तुमचा मुरला म्हणता. माहा काहून नाही मुरून राहिला?"

"किती तास वाजवलास?"

"तुमच्याहून जास्त. फवारणीतही कानावरच असते. अजून तसाच टोचते."

"मोर्शीची हवा वेगळी आहे."

"हवेनं संत्रं बिघडते सर. हेडफोनले काय होते?"

"धीर धर," मी म्हणालो. मोठ्या माणसाला उत्तर येत नसलं की तो हे म्हणतो.

नवव्या महिन्यात माझ्या भाचीचं, जुईलीचं, अकोल्याला साक्षगंध होतं. पुण्याकडे याला साखरपुडा म्हणतात. आमच्या घरात एक रीत आहे. साक्षगंधाला मुलीचा हात धरून तिला पाटावर आणून बसवायचं ते मामाने. जुईलीला सख्खा मामा मी एकटाच. शैलाचं माहेरही अकोल्याचंच, त्यामुळे ती दोन दिवस आधीच गेली होती. आदल्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी एका कानावरची वाटी सरकवून बोललो.

"उद्या सकाळी साताची गाडी धरा. दहाला मुलीला पाटावर बसवायचं आहे."

"धरतो."

"कितीची?"

"आठाची."

तिकडे कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सकाळी पावणेआठलाच मी स्टँडवर हजर होतो, आणि वेळेआधी आल्याचं समाधान मानून गाडीत बसलो. हेडफोन लावला. कंडक्टरने तिकीट देताना काहीतरी विचारलं. मी वाटी सरकवली.

"म्हटलं, विमान चालवून राहिले काय, सर?"

मूर्तिजापूर गेल्यावर फोन पाहिला. शैलाचे सहा फोन येऊन गेले होते.

अकोल्याला हॉलवर पोचलो तेव्हा अकराला दहा कमी होते. जुईली पाटावर बसलेली होती. तिला गोवर्धनने आणून बसवलं होतं. गोवर्धन माझा चुलतभाऊ, म्हणजे तिचा चुलत मामा, तो हॉलच्या गाद्या मोजायला म्हणून आला होता. माझी थोरली बहीण मायाताई, जुईलीची आई, दारातच भेटली.

"ये हरी. जेवणाला वेळेवर आलास."

जुईलीने मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "मामा, अर्धा तास दारात उभी होते. पाय दुखले." एवढंच. तिने रडायला हवं होतं, म्हणजे मला समजूत घालता आली असती.

शैलाने मला पंगतीच्या मागे गाठलं.

"कितीची गाडी सांगितली होती?"

"आठाची."

"साताची."

"तू आठ म्हणालीस."

"सात," ती म्हणाली. आचाऱ्याने वर पाहिलं. हे 'सात' मला स्वच्छ ऐकू आलं.

माझ्या गळ्यात तो हेडफोन होताच. काढायचं राहून गेलं होतं. पाहुण्यांपैकी एक जण बराच वेळ मला साउंडवाला समजत होता आणि दोनदा माइक चालू करा म्हणून सांगून गेला.

"हे डबडं कानावर आहे तोवर मी घरी येत नाही," शैला म्हणाली. "वर्ष होत आलं, भिंतीशी बोलून राहिली मी. भिंत बरी, ती मान तरी डोलवत नाही. आणि लग्नात मुलीला आणायला गोवर्धनच उभा राहणार. मायाताईंनी ठरवलं."

"लग्नातही?"

"त्याच्याजवळ डबडं नाही."

मी एकटाच अमरावतीला परत आलो. घरात पूर्ण शांतता होती. गेली अठ्ठावीस वर्षं मी हिच्याच शोधात आहे असं समजत होतो. ती चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी पोहे खाता खाता लक्षात आलं की आपण सलग तेरा वेळा पोहे खाल्ले आहेत, आणि हे सांगायला घरात कोणी नाही. भीमपलास लावला. बाई गात होत्या. मागे काळोख होता. त्या दिवशी काळोख जरा जास्त वाटला.

अकराव्या दिवशी गजेंद्र अमरावतीला आला होता, तेव्हा हेडफोन डब्यात घालून त्याच्या हाती दिला. विकत नाहीये, नुसता सांभाळ, म्हणालो. तो डबा कीटकनाशकाच्या पिशवीत घालून घेऊन गेला. मग मी शैलाला फोन केला.

"दिला?"

"दिला."

"कुणाला?"

"गजेंद्रला. मोर्शीला."

"पासष्ट किलोमीटर," ती म्हणाली. "पुरे."

ती रविवारी आली. संध्याकाळी तिने कुकर लावला आणि मी बैठकीत पेपर वाचत बसलो, दोन्ही कान मोकळे ठेवून, दिसतील असे. चांगल्या वागणुकीचा पुरावा म्हणून मी वारा येतो तरी मफलरसुद्धा बांधला नव्हता. थोड्या वेळाने शैला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"किती झाल्या?"

"काय किती?"

"शिट्ट्या."

मी खरंच लक्ष ठेवून होतो. "अजून एकही नाही," मी म्हणालो.

ती माझ्या कानांकडे बघत होती. आधी एका, मग दुसऱ्या. मग आत जाऊन तिने गॅस बंद केला, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसली, एरवी बसते त्याहून जवळ.

"चार झाल्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजापेठेतल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्याकडे एक लहानशी खोली होती, आतून गादी ठोकलेली. तिथल्या बाईंनी मला स्टुलावर बसवलं, हातात बटण दिलं. बारीक आवाज येईल, आला की दाबा, म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला. बंद पाठीचा होता. सवयीने मी त्याचं परीक्षण सुरू केलं. गादी जरा कडक, पण बाहेरचा आवाज उत्तम अडतो. खालचे स्वर भरीव. सुरुवातीचे आठ-दहा सूर आले, मी दाबलं. मग त्यांनी मध्यंतर घेतलं. मोठं मध्यंतर होतं, पण शांतता अव्वल दर्जाची. इतका काळोख माझ्या हेडफोनातही नव्हता. कंपनीचं नाव विचारून घ्यावं असं मी ठरवत होतो, तेवढ्यात दार उघडून बाई आत आल्या.

"झालं," त्या म्हणाल्या.

"दुसरा भाग कधी?"

"तोच चालू होता, काका."

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. त्यावर एक रेघ होती, अर्ध्यापर्यंत सरळ, पुढे विहिरीत उतरलेली. खालचे आवाज तुम्हाला येतात, म्हणाले, वरचे येत नाहीत. शिट्टी, फोनची घंटा, स, त, च. सात आणि आठ यात फरक करणं अवघड. दहा-बारा वर्षांपासून जात असेल. शेवटच्या वर्षात जरा भरभर गेलं असावं. मोठ्यानं काही ऐकता का?

"एक घर वाढवून," मी म्हणालो.

"महिन्याला एक," शैला म्हणाली.

"इतकी वर्षं कळलं कसं नाही?" मी विचारलं.

"तुमच्या घरात कुठल्या आवाजात बोलतात?"

शैला अकोल्याची आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते स्वतः परतवाड्याचे निघाले. पुण्यात माणसाचे कान गेले तर आठवड्यात कळतं, म्हणाले, कारण तिथे सगळे ओठातल्या ओठात बोलतात. आपल्याकडे दहा वर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्याकडे येणारे अर्धे लोक तर बायको पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा आलेले आहेत.

दवाखान्याच्या पायरीवरूनच शैलाने मायाताईला फोन लावला. सगळं सांगितलं. तिकडून मायाताई बरंच बोलली. मी शैलाच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं मी बहुतेक तेच करत होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं.

"काय म्हणाली?"

शैला माझ्याकडे तोंड करून बोलली. तेव्हापासून ती तशीच बोलते. "म्हणाल्या, मुद्दाम नाही ना करत? नुसतं ऐकू येत नाही ना? मग मुलीला तोच आणेल. गोवर्धनला मी सांगते." मग म्हणाली, "जुईली म्हणे, लग्नाला पाचाची गाडी धरायची. तिने बोटं दाखवायला सांगितली आहेत." आणि तिने रस्त्यावर, माझ्या नाकासमोर, पंजा धरला.

कानातली यंत्रं करायला टाकली. ती यायला पंधरा दिवस होते. हेडफोन परत आणायची सूचना शैलाचीच. "त्याचा काही दोष नव्हता," ती म्हणाली. "उगाच बदनाम झाला." गजेंद्र तो घेऊन आला, सोबत पोतंभर संत्री. त्याला मी रेघेचा कागद दाखवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे सर, हा मुरला नोता."

"नाही."

"तुमी मुरले."

"तसं म्हण."

त्याने एक संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. गटावर काय लिहायचं, ते तुमचं तुमी बघा, म्हणाला, मी काही बोलत नाही. आणि तो बोलला नाही, हे नोंदवून ठेवतो.

तो गेल्यावर शैला डब्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "वर्षभर काय ऐकत होते ते बघू तरी." मी तिच्या कानांवर वाट्या बसवल्या, तोच भीमपलास लावला. तिने दचकून हेडफोन ओढून काढला.

"किंचाळून राहिलं हे."

तिने आवाज कमी केला. आणखी कमी केला. माझ्या चाळीस घरांवरून ती अकरावर आली. मग खुर्चीत टेकून बसली, आणि पहिल्यांदाच माझ्या खुर्चीत बसून तिने डोळे मिटले. मी समोर स्टुलावर बसून राहिलो. बाईंचं गाणं बावीस मिनिटांचं आहे. तिने पूर्ण ऐकलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"गातात चांगल्या," ती म्हणाली. "पण बांगड्या काढून बसायला हवं होतं. हात हलला की वाजतात."

"कुठे?"

"सगळीकडे."

त्या बांगड्या त्या ध्वनिमुद्रणात सुरुवातीपासून आहेत.