देवघरातली पेट्रोलची कॅन

मी पेट्रोलची कॅन बोलतेय. सध्या अंगणात जास्वंदीखाली पडून आहे. माझा एक खांदा वितळून आत बसलाय, म्हणून मला कोणी हात लावत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी छान निळी होते. अमरावतीत उत्तमरावांकडे आले ती घरपोच पेट्रोलच्या सोयीपायी. फोन केला की पंजाबराव छोटी गाडी घेऊन दारात हजर. तो कारची टाकी भरे आणि अडीअडचणीला मलाही भरून ठेवी.

"पंपावर रांगेत उभं राहाचं कामच नाई आता. पेट्रोलच आपल्या दारी येते!" उत्तमराव खुशीत म्हणत.

"मंग अंबादेवीबी दारी येते का?" त्यांच्या घरधनीण माणिकबाई टोमणा मारत. पंपावर जाता-येता त्यांना देवीचं दर्शन घडायचं, ते आता बंद झालं होतं.

पंजाबराव मात्र दर खेपेला आगीचं बजावी, "बाई, इस्तवापासून दूर ठेवजा हिले."

"गॅसपाशी तं फिरकूच देत नाई मी, भाऊ. देवाजोळ ठेवते. देवाजोळची वस्तू सुखरूप रायते."

ओसरीवर ऊन, स्वयंपाकघरात गॅस. म्हणून माझी जागा देवघरात, चौरंगाच्या बाजूला. तिथे सकाळ-संध्याकाळ निरांजन लागे. पण देवाच्या दिव्याला ती माउली आगीत धरतच नसे.

नवरात्र आलं. सून वर्षालीला सातवा महिना लागला होता. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. या वेळी लेकरू हाती लागावं म्हणून माणिकबाईंनी देवीला नवसाचा अखंड दिवा ठेवला. उठता-बसता त्या तेल पाहत. वाऱ्याने विझू नये म्हणून खिडकीही अर्धीच उघडत.

त्या दुपारी मुलाने, योगेशने, घाईघाईत माझ्यातलं पेट्रोल स्कूटरमध्ये ओतलं. मी अजून अर्धीअधिक भरलेली होते. मला जागेवर ठेवून तो निघून गेला. झाकण नीट लागलंच नव्हतं.

वर्षाली दारात येऊन थबकली. तिने नाकाला पदर लावला. "आई, पेट्रोलचा वास येऊन राहिला. आधी दिवा विझवा."

माणिकबाईंचा हात दिव्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"असं बोलू नोको वं. तुह्याच लेकरासाठी तं ठेवला. दिवा राहू दे, हिलेच बाहीर नेते."

त्यांनी मला झटकन उचललं. झाकण निसटलं. पेट्रोल त्यांच्या लुगड्यावर सांडलं, फरशीवरून चौरंगाकडे पसरलं, आणि भडका झाला.

सुनेला त्यांनी आधी दाराबाहेर ढकललं. मग मला खिडकीतून अंगणात भिरकावलं. उरलेली आग त्या हातांनीच विझवत राहिल्या. उत्तमराव ओली गोधडी घेऊन धावले तोवर उशीर झाला होता.

माणिकबाई वाचल्या. बोटं मात्र एकमेकांना चिकटली, ती कायमचीच.

वर्षालीला माहेरी, अकोल्याला, मुलगी झाली. काल दोघींना घरी आणलं. अंगणातच ओवाळणं झालं, म्हणून मला सगळं दिसलं. माणिकबाईंनी हात पदराखाली लपवले होते.

"आई, घ्या ना तिले."

"नोको. माहे हात पाहून भेईन लेकरू."

वर्षालीने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळ झोपेतच राहिलं. माणिकबाई दोन्ही हात हवेत दूर धरून बसल्या. आपली खरखरीत कातडी त्याला टोचू नये म्हणून. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यांनी हात जवळ आणले नाहीत.

उद्या मी भंगारात जाईन. जाता जाता, मायबहिणींनो, एवढंच सांगते. सोय घरी खुशाल बोलवा, पण तिला देवाच्या भरवशावर ठेवू नका. वास आला की दिवा विझवा. नवस मोडला म्हणून घाबरू नका. देवी आई आहे, दिवा पुन्हा लावून घेईल.