ज्वारीचा बैल

शालिग्राम गुरुजींना कुठलाही देश दिसला की त्यात आधी एखादं जनावर दिसायचं, नाहीतर फळ, नाहीतर भांडं. ही त्यांची जुनी खोड, आणि त्या खोडीवरच त्यांचा भूगोल चालायचा. सिलोन म्हणजे कैरी. इटली म्हणजे जमादाराचा बूट. येळगव्हाणच्या पोरांना पाढ्यांच्या आधी ही यादी पाठ होई. मागं एका तपासणीत कुणीतरी सिलोनची राजधानी विचारली, तेव्हा अख्ख्या चौथीनं एका सुरात ‘कोय’ म्हणून सांगितलं होतं. हा किस्सा गुरुजी स्वतःच चारचौघांत सांगायचे. आपल्याला आपण आधी हसून घेतलं की गावाला हसायला फारसं उरत नाही, असा त्यांचा सतरा वर्षांच्या नोकरीचा अनुभव होता.

राज्यांच्या बाबतीत मात्र त्यांचे हाल झाले होते. जुन्या मध्यप्रदेशात ते गोधडीचं ठिगळ म्हणून आपला वऱ्हाड दाखवायचे. ते पोरांच्या डोक्यात बसतंय तोवर द्वैभाषिक मुंबई राज्य आलं. त्याला ते दोन बायकांचा दादला म्हणत, तोंड एकीकडं आणि पाय दुसरीकडं. तेही पाठ झालं आणि महाराष्ट्र आला. गाव जागचं हललं नाही, पण पाच वर्षांत तीन राज्यं फिरून आलं. भिंतीवरचा नकाशा बिचारा अजून पहिल्याच राज्यात होता, आणि कुणी विचारलं तर गुरुजी म्हणत, “तो माह्यासारखाच हाये, बदलीची वाट पाहून राह्यला.”

तर एकसष्ट सालचा मे महिना तोंडावर आला. महाराष्ट्राला वर्ष होणार होतं, आणि त्या दिवशी शिक्षण खात्याचे डिप्टीसाहेब माणिकराव खुद्द येळगव्हाणला येणार असं पत्र आलं. पत्र गुरुजींनी तीनदा वाचलं, कारण त्यांना साहेबांकडून एक गोष्ट हवी होती.

गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवी बीबीला, दोन कोसांवर, मध्ये ओढा. मुलगे जायचे, मुलींना कोणी पाठवत नव्हतं. गुरुजींची कोकिळा गेल्या वर्षी चौथीत पहिली आली आणि तेव्हापासून घरी होती. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवा म्हणून दारोदार फिरणाऱ्या गुरुजींना स्वतःच्या मुलीला दोन कोस पाठवायचा धीर होत नव्हता. याची त्यांना लाज वाटायची, आणि ही एकच गोष्ट अशी होती की तिच्यावर त्यांना हसता येत नसे.

“औंदा पाचवी नाही उघडली तर पोरगी चुलीपाशीच राह्यली समजा,” कोकिळेच्या आईनं, अन्नपूर्णाबाईंनी त्यांना आधीच बजावलं होतं. “मामंजी एक ठिकाण सांगून राह्यले. मी किती दिवस नाही म्हणू?”

म्हणजे साहेबांनी शेरा दिला तर पाचवी, नाहीतर लग्न. पोरगी अकरा वर्षांची.

साहेबांना काहीतरी असं दाखवायचं की त्यांनी खूश होऊन शेरा दिलाच पाहिजे, या विचारात गुरुजी पडले. बीबीच्या बाजारातून गूळ बांधून आलेल्या वर्तमानपत्रात त्यांना तळहाताएवढा नव्या महाराष्ट्राचा नकाशा सापडला. त्यांनी तो उलगडून मांडीवर ठेवला, डोळे बारीक केले, आणि खोडीनं डोकं वर काढलं. हा तर बैल. सातपुड्याची सरळ पाठ, मुंबईकडं तोंड, कोकण-कोल्हापूर पुढचे पाय, चांद्याकडं मागचे पाय, आणि भंडाऱ्याला शेपूट. चांगला धडधाकट, जुंपायला तयार असा बैल. शाळेच्या अंगणात हा बैल धान्यानं मांडायचा आणि साहेबांपुढं त्यावर भाषण करायचं, असं त्यांनी तिथंच ठरवलं.

काम मोठं होतं. कागदावर चौकटी आखल्या, अंगणात सुतळीनं तेवढ्याच मोठ्या चौकटी पाडल्या, आणि एकेका चौकटीतली रेघ जमिनीवर उतरवली. गावातल्या बायांनी अंगण सारवून दिलं. आत ज्वारी, कडेनं सरकी, वऱ्हाडापुरती तुरीची डाळ. ज्वारी सोजराबाईंनी दिली. सत्तरीची बाई, स्वभाव रोखठोक.

“भाकरीचं हाये, गुरुजी. बैल करा, पण कोणाचा त्याले पाय नाही लागला पाह्यजे,” त्या म्हणाल्या.

अन्नपूर्णाबाई आणि कोकिळा तीन दिवस दाणे मांडत होत्या. अन्नपूर्णाबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मांडता मांडता त्यांनी विचारलं, “यात आपण कुठी?”

“मंग सांगतो,” गुरुजी म्हणाले, कारण त्यांचं त्या वेळी मुंबईचं नाक बसत नव्हतं. मग ते सांगायचं राहूनच गेलं.

भांडण झालं ते दिशेवरून. गुरुजींनी शाळेच्या फुटक्या होकायंत्रानं खरी उत्तर काढली होती आणि बैलाची पाठ बरोबर तिकडं ठेवली होती. शाळेची ओसरी अंगणाच्या दक्षिणेला. साहेब ओसरीवर बसतील, समोर बैल उभा दिसेल, असा सगळा हिशेब. सुतळी ताणून झाली तेव्हा सरपंच किसनराव आले, हात मागं बांधून एक फेरी मारली आणि म्हणाले, “पाहुणा ओसरीवर नाही बसणार. पारावर बसन.”

पार अंगणाच्या पश्चिमेला, लिंबाखाली.

“काऊन?”

“पाहुण्याचं तोंड उगवतीकडं पाह्यजे. माह्या बापानं कलेक्टर बसवला तवाबी उगवतीकडं तोंड करूनच बसवला. तुमी बैल फिरवा.”

सुतळीच होती, तासाभराचं काम होतं. पण गुरुजींच्या अंगात भूगोल संचारला. “किसनराव, नकाशात उत्तर उत्तरेलेच राह्यते. पाहुणा फिरवता येते, पृथ्वी नाही फिरवता येत.”

“मंग राहू द्या,” किसनराव शांतपणे म्हणाले आणि गेले. आपण जिंकलो असं गुरुजींना वाटलं. तसंच किसनरावांनाही वाटलं, आणि इथंच सगळी गोम होती.

एक मेच्या सकाळी गुरुजी साहेबांना आणायला फाट्यावर गेले. परत येतात तो खुर्च्या पारावर मांडलेल्या, वर मांडव, हारतुऱ्याचं ताट. आणि ओसरी रिकामी दिसली म्हणून गावच्या बाया तिथं जाऊन बसलेल्या. आता हलवायचं कुणाला? साहेब पारावर चढून बसले सुद्धा. समोर सूर्य, म्हणून त्यांनी कपाळावर हात धरला आणि अंगणाकडं बघत राहिले.

गुरुजींनी मनाशी म्हटलं, कुठूनही पाहा, बैल तो बैलच. भाषण पाठ होतं. ते साहेबांच्या शेजारी पारावर उभे राहिले आणि सुरू झाले. महाराष्ट्र म्हणजे काय, तर कष्टाळू बैल. त्याची पाठ कशी ताठ, त्याची मान कशी कुणापुढं न झुकणारी, त्याचे पाय कसे जमिनीत रोवलेले. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी रंगात आले. “साहेब, पाहा तर खरं त्याची ऐट,” असं म्हणून त्यांनी हात लांब केला आणि स्वतः तिकडं पाहिलं.

इतके दिवस त्यांनी तो दक्षिणेकडूनच पाहिला होता. पारावरून ते पहिल्यांदाच पाहत होते. बैलाचं तोंड खाली होतं, शेपूट आभाळात, आणि चारही पाय एका अंगाला.

साहेब हळूच म्हणाले, “गुरुजी, हा बैल विहिरीत पडतोय का?”

“पडला, साहेब,” किसनरावांनी मदत केली. “शेपूट तेवढं वर राह्यलं.”

अंगण हसून हसून आडवं झालं. गुरुजी एरवी अशा वेळी सगळ्यांच्या आधी हसले असते. त्यांनी तोंड उघडलंही. पण आत कुठंतरी पाचवी, ओढा आणि मामंजींनी सांगितलेलं ठिकाण एकदम आठवलं आणि ते तोंड तसंच मिटलं. ज्याला एक बैल धड उभा करता येत नाही त्याच्या हातात कोण पाचवी देणार? भाषणाचा उरलेला अर्धा भाग, ज्यात खरी मागणी होती, तो डोक्यातून साफ उडून गेला.

“साहेब, नकाशा बरोबर हाये,” एवढंच त्यांना सुचलं. “उत्तर उत्तरेलेच हाये. मीच चुकीच्या बाजूले उभा हावो.”

साहेब घड्याळाकडं बघायला लागले. ते पाहून गुरुजींना कळलं की झालं, आता चहा, हार आणि बैलगाडी.

तेवढ्यात ओसरीवर काहीतरी कुजबुज झाली. अन्नपूर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कोकिळेला ढकललं. ती अंगणाच्या कडेकडेनं पारापाशी आली.

“साहेब,” ती म्हणाली, “माय म्हणते इकून नका पाहू. तिकून पाहा. बैल उभा हाये.”

किसनराव म्हणाले, “अवं पोरी, बायांत कुठी बसवते साहेबाले?” पण साहेबांच्या डोळ्यांत ऊन जाऊन जाऊन पाणी आलं होतं, त्यांना सावली हवीच होती. ते उठले आणि सरळ ओसरीवर गेले. बाया सरकल्या. साहेबांनी तिथून अंगणाकडं पाहिलं. सरकीची रेघ, पिवळीधमक तूर, आणि चार पायांवर उभा असलेला बैल.

“बरा आहे की,” ते म्हणाले. “मुली, तुमचं गाव कुठं आहे यात?”

पारावर गुरुजींनी डोळे मिटले. मुंबई, पुणं, नागपूर अशा सगळ्यांना त्यांनी कुंकवाचं बोट लावलं होतं. येळगव्हाण मांडायचं राहिलं होतं. जिल्ह्याचं गाव बुलढाणा, त्याचीही तीच गत.

कोकिळा चवड्यांवर चालत दाण्यांच्या कडेनं गेली, वाकली, आणि पाठीच्या रेघेला लागून एका जागी तुरीचे दोन दाणे बाजूला करून तिथं बोट ठेवलं. “इथी. मायनं अन् मी मांडता मांडता शोधलं. इकडून जालन्याची मोटर येते, अन् इकडं अकोला. मधात आमी. बैलाच्या पाठीवर, जिथी मालक थाप मारते.”

साहेब हसले. मघाच्या हसण्यापेक्षा हे वेगळं होतं. “कितवीत आहेस?”

“चौथी पास. घरी हावो.”

“का?”

“पाचवी नाही गावात.”

साहेबांनी पाराकडं पाहिलं. गुरुजींच्या भाषणात जे अर्धं राहिलं होतं ते पोरीनं तीन शब्दांत उरकलं होतं.

“पाचवीला पंधरा नावं लागतील, गुरुजी,” साहेब म्हणाले. “आज, मी गाडीत बसायच्या आत. यादी असेल तर जूनपासून वर्ग देतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

गुरुजींनी कागद घेतला आणि ओसरीच्या पायरीवर बसले. गडी माणसांकडून सहा मुलगे झाले, यंदा बीबीला जाणार होते ते. मग नावं थांबली. तेव्हा सोजराबाई उठल्या. “लिहा माह्या नातीचं. तानुबाई. तिचा बाप काय म्हणते ते मी पाहून घेईन. ज्वारी माही हाये त्या बैलात.” एकदा सोजराबाईंनी दिलं म्हटल्यावर दुसऱ्या बाया मागं कशा राहतील? सात झाली, दहा झाली, तेरा झाली, शालूबाईंनी आपल्या सिंधूचं नाव दिलं आणि चौदा झाली.

आणि यादी चौदावर अडली. साहेबांची गाडी जुंपून झाली होती. गुरुजी अंगणात इकडून तिकडं धावत होते. याच्या हातापाया पड, त्याला सांग. किसनरावांनी आपला पुतण्या आठवून पाहिला, पण तो अजून तिसरीत होता. गुरुजींना रडू यायचं बाकी होतं. एका नावासाठी सगळं जाणार, आणि ते एक नाव अख्ख्या गावात नाही.

ते ओसरीपाशी येऊन टेकले. अन्नपूर्णाबाई पदराआडून म्हणाल्या, “किती झाले?”

“चौदा.”

“मंग आपल्या पोरीचं काय झालं?”

गुरुजींनी यादी वरून खाली वाचली. पुन्हा खालून वर वाचली. कोकिळेचं नाव त्यांच्या डोक्यात वर्षभर आधीच लिहून झालं होतं, कागदावर उतरवायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी लिहिलं. घाईत अक्षर वाकडं आलं, आणि आपण किती शहाणे आहोत हे त्यांना त्या अक्षराकडं बघून नीट समजलं.

गाडीत बसल्यावर साहेबांनी यादी चाळली आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं. “ही मघाचीच ना? तुमची मुलगी? भूगोल चांगला आहे हो तिचा. तुम्ही तयार केलेली दिसते.”

हो म्हटलं असतं तर चाललं असतं. किसनराव सुद्धा काही बोलले नसते.

“नाही, साहेब,” गुरुजी म्हणाले. “तिच्या मायनं. ती पह्यल्यापासून बरोबर बाजूले बसली होती.”